तात्सुया नाकादाई: कारकीर्दीचा तक्ता आणि मराठी सबटायटलसह चित्रपटमालिका (प्रकल्प नोंदी)

काम दुहेरी आहे. एक, जपानी नट तात्सुया नाकादाई यांच्या (13 डिसेंबर 1932 – 8 नोव्हेंबर 2025) सत्तरेक वर्षांच्या कामाचा तारीखवार तक्ता. दोन, त्यातून निवडलेल्या चित्रपटांचे फिल्म सोसायटीत मराठी सबटायटलसह खेळ. चिशू र्‍यू, ताकाशी शिमुरा किंवा किनुयो तानाका या जपानी कलाकारांवर कुणी असंच काम काढणार असेल, तर बहुतेक अडचणी याच येतील. म्हणून नोंदी उघड ठेवल्या आहेत.

5 जानेवारी: तक्त्याचा साचा

पहिला साचा चार कॉलमांचा होता: वर्ष, चित्रपट, दिग्दर्शक, भूमिका. पहिल्या दशकाच्या ओळी भरल्यावरच तो मोडला. आताचा साचा असा: चित्रीकरणाचं वर्ष, जपानमधल्या प्रदर्शनाची पूर्ण तारीख, जपानी नाव देवनागरीत, परदेशी नाव, दिग्दर्शक, निर्मिती कंपनी, माध्यम (पडदा, टीव्ही, आवाज, रंगभूमी), भूमिका, भूमिकेचं वय, नटाचं वय, मूळ लांबी, हाती असलेल्या प्रतीची लांबी.

‘माध्यम’ हा कॉलम आधी नव्हता. 1973 च्या ‘कानाशिमी नो बेलाडोन्ना’त नाकादाई सैतानाचा फक्त आवाज आहेत. 2013 च्या ‘कागुया-हिमे नो मोनोगातारी’तही कोळसेवाल्या म्हाताऱ्याचा आवाजच. अशा ओळी पडद्यावरच्या कामात मिसळल्या की प्रेक्षक पडद्यावर त्यांना शोधत बसतो.

9 जानेवारी: तारखा आणि वय

नाकादाईंचा वाढदिवस डिसेंबरच्या मध्यावर येतो. त्यामुळे प्रदर्शनाच्या वर्षातून 1932 वजा केले की जवळजवळ प्रत्येक चित्रपटात वय एकाने जास्त येतं. ‘हाराकिरी’ सप्टेंबर 1962 चा, म्हणजे वय 29. तयार याद्यांमध्ये सर्रास 30 लिहिलेलं असतं. एक्सेलमध्ये पूर्ण तारीख टाकून डेटडिफ सूत्र लावावं, वर्षांची वजाबाकी करू नये.

वर्षाचे घोळ तीन प्रकारचे निघाले.

पहिला प्रकार अडकून पडलेल्या चित्रपटांचा. मासाकी कोबायाशींचा ‘काबे आत्सुकी हेया’ तयार झाला 1953 मध्ये, पण युद्धगुन्हेगारांचा विषय असल्याने कंपनीने तो दाबून ठेवला आणि तो लागला 1956 मध्ये. मधल्या काळात एप्रिल 1954 ला अकिरा कुरोसावांचा ‘सेव्हन सामुराई’ आला. त्यात शेतकरी गावात सामुराई शोधत हिंडतात त्या भागात नाकादाई काही सेकंद नुसते चालत जातात, श्रेयनामावलीत नाव नाही. नाव लागलेली पहिली ठळक भूमिका 1956 च्या ‘हि नो तोरी’तली. थोडक्यात, ‘पहिला चित्रपट कोणता’ या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत. तक्त्यात चित्रीकरण, प्रदर्शन आणि नामोल्लेख वेगळे ठेवले की वाद मिटतो.

दुसरा प्रकार वर्षाच्या उंबरठ्यावरचा. ‘क्वाइदान’चे खास खेळ डिसेंबर 1964 च्या अखेरीस सुरू झाले, सर्वसाधारण प्रदर्शन 1965 चं. दोन्ही वर्षं छापलेली सापडतात आणि दोन्ही बरोबर आहेत.

तिसरा प्रकार महोत्सवांचा. ‘निहोन नो हिगेकी’ महोत्सवात दिसला 2012 मध्ये, जपानी थिएटरात 2013 मध्ये. आम्ही थिएटरची तारीख धरली आणि महोत्सव शेऱ्यात टाकला. नियम एकच असावा, मग तो कोणताही असो.

14 जानेवारी: एकाच नावाचे दोन

नावावरून शोध घेतला की भलत्याच चित्रपटाची माहिती येऊन चिकटते. या कामात सापडलेल्या जोड्या:

‘किरु’: 1968 चा किहाची ओकामोतोंचा, नाकादाई असलेला. पण 1962 मध्ये केन्जी मिसुमींचा ‘किरु’ येऊन गेला होता, त्यात राइझो इचिकावा. दोन्ही नावं जपानीतही हुबेहूब तशीच लिहितात.

‘हि नो तोरी’: 1956 आणि 1978. इथे तर दोन्हींत नाकादाई आहेत. पहिला उमेत्सुगु इनोउएंचा, दुसरा कोन इचिकावांचा.

‘निहोन नो हिगेकी’: 1953 चा केइसुके किनोशितांचा, त्यात नाकादाई नाहीत, नाकादाई असलेला मासाहिरो कोबायाशींचा.

दोन कोबायाशी हा सगळ्यात महागात पडणारा घोळ. मासाकी (1916–1996) म्हणजे ‘निन्गेन नो जोकेन’, ‘हाराकिरी’, ‘क्वाइदान’वाले. मासाहिरो म्हणजे ‘हारु तो नो ताबी’, ‘निहोन नो हिगेकी’, ‘उमिबे नो रिया’वाले. फक्त आडनाव लिहिलेल्या ओळी सॉर्ट केल्या की असं दिसतं, जणू एकाच दिग्दर्शकाने 1953 पासून 2017 पर्यंत नाकादाईंना घेऊन चित्रपट काढले. दिग्दर्शकाचं पूर्ण नाव सक्तीचं करावं, आणि नाव आधी की आडनाव आधी हे पहिल्याच दिवशी ठरवावं. आम्ही मराठी सवयीने नाव आधी घेतलं.

20 जानेवारी: कंपनीचा कॉलम

हा कॉलम केवळ परवानगीची पत्रं कुणाला लिहायची यासाठी ठेवला होता. भरल्यावर कळलं की अख्ख्या कारकीर्दीची गुरुकिल्ली तिथेच आहे.

1953 च्या करारानुसार मोठ्या जपानी कंपन्यांनी एकमेकींचे करारबद्ध नट घ्यायचे नाहीत असं ठरवलं होतं. त्यामुळे त्या काळातल्या बहुतेक नटांच्या तक्त्यात हा कॉलम वर्षानुवर्षं एकसुरी असतो. नाकादाईंचा पाहा: 1956 निक्कात्सु (‘हि नो तोरी’), 1957 शोचिकु (‘कुरोई कावा’), त्याच वर्षी तोहो (मिकिओ नारुसेंचा ‘आराकुरे’), 1958 दाइएइ (कोन इचिकावांचा ‘एन्जो’). तीन वर्षांत चार कंपन्या. ते कुणाच्याही कायम पगारी करारात गेले नाहीत. घर हाइयुझा नाटकमंडळी, चित्रपट सुटे.

‘निन्गेन नो जोकेन’च्या आजूबाजूचा काळ तर ओळीने वाचण्यासारखा आहे. पहिला खंड जानेवारी 1959, शोचिकु. मग उन्हाळ्यात तोहोचा ‘याजू शिसुबेशी’ आणि दाइएइचा ‘कागी’. नोव्हेंबरमध्ये दुसरा खंड, पुन्हा शोचिकु. जानेवारी 1960 ला नारुसेंचा ‘ओन्ना गा काइदान ओ आगारु तोकी’, तोहो. जानेवारी 1961 ला तिसरा खंड, शोचिकु. एप्रिलमध्ये ‘योजिम्बो’, तोहो. ‘निन्गेन नो जोकेन’च्या काजी या सज्जन नायकाचे हाल चाललेले असताना मधल्या फटीत थंड डोक्याचा खुनी विद्यार्थी, संधिसाधू डॉक्टर आणि बारचा मॅनेजर. एका कंपनीच्या साच्यात बसवलेल्या नटाला हे वाटप मिळालंच नसतं.

तोटा व्यवहारातला. हक्क विखुरलेले. तोहो, शोचिकु आणि निक्कात्सु यांना वेगवेगळी पत्रं. दाइएइचा जुना संग्रह आता कादोकावा कंपनीकडे. कुरोसावांच्या ‘रान’ला फ्रेंच पैसा असल्याने परदेशी हक्कांसाठी फ्रान्सकडे विचारणा. एका कंपनीच्या नटावर मालिका करणाऱ्याचं काम एका पत्रात भागतं, इथे प्रत्येक खेळाला स्वतंत्र फाइल. पत्रं सबटायटलच्या आधी जायला हवीत. परवानगी न मिळालेल्या चित्रपटाचं भाषांतर करून ठेवणं म्हणजे सरळ वाया गेलेला वेळ. आणि पत्रातच विचारून घ्यावं: आमची सबटायटल प्रतीवर चढवता येतील का? नुसत्या प्रदर्शनाच्या परवानगीत ते बसत नाही.

28 जानेवारी: रिकाम्या जागा

तक्ता तारखेने लावला की मधेच महिनोन्‌महिने मोकळे दिसतात. पहिल्या मसुद्यात त्याला ‘खंड’ म्हटलं होतं, ते खोडलं. नाकादाईंनी वर्षाचे दोन भाग पाडले होते, निम्मं नाटकाला आणि निम्मं चित्रपटाला. मोकळे महिने रंगभूमीचे आहेत. नुसता चित्रपटांचा तक्ता म्हणजे अर्धीच कारकीर्द.

म्हणून रंगभूमीच्या ओळी वेगळ्या रंगात त्याच तक्त्यात घातल्या. आधार देणाऱ्या खुणा: 1955 इब्सेनच्या ‘घोस्ट्स’मधला ओस्वाल्ड, हाइयुझा. 1975 पत्नी यासुको मियाझाकी यांच्यासह मुमेइजुकु या नाट्यशाळेची स्थापना. 1979 हाइयुझा सोडली. 1995 इशिकावा प्रांतातल्या नाकाजिमा इथे नोतो एन्गेकिदो थिएटर सुरू, ज्याच्या रंगमंचामागची भिंत उघडते आणि बाहेरचा डोंगर थेट नेपथ्यात येतो. 2009 तिथेच ‘मॅकबेथ’. 2025 मध्ये, वयाच्या 92 व्या वर्षी, पुन्हा तिथेच ब्रेख्तची ‘मदर करेज’.

या ओळी शेजारी आल्यावर चित्रपटही वेगळे दिसतात. ‘रान’मधला जळत्या गढीच्या पायऱ्या उतरणारा हिदेतोरा कॅमेऱ्यासाठी नाही, लांबच्या प्रेक्षकासाठी अभिनय करतो. तोंडावर मुखवट्यासारखा रंग, चाल ‘नो’ या पारंपरिक जपानी नाटकाची. काहींना ते अति वाटतं. रंगभूमीच्या ओळी वाचून पाहावं, मग बोलावं.

मुमेइजुकुमधून कोजी याकुशो आले, तेही एका ओळीत. ते आधी तोक्योतल्या वॉर्ड ऑफिसात कारकून होते. ‘याकुशो’ म्हणजे सरकारी कचेरी, आणि हे टोपणनाव नाकादाईंनीच दिलं. शिष्यांचा वेगळा तक्ता सुरू केला होता, तो थांबवला. काम फाटत जातं.

टीव्हीतल्या एका ओळीकडे मात्र लक्ष द्यावं: 1980 मध्ये कुरोसावांच्या ‘कागेमुशा’त सरदार ताकेदा शिन्गेन आणि त्याचा तोतया, 2007 मध्ये एनएचके या जपानी वाहिनीच्या ‘फूरिन काझान’ मालिकेत त्याच शिन्गेनचा बाप नोबुतोरा. 47 व्या वर्षी मुलगा, 74 व्या वर्षी बाप.

6 फेब्रुवारी: प्रत कोणती आहे ते मोजून घ्या

सबटायटलला हात लावण्याआधी प्रतीची लांबी मोजावी. डब्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये.

‘क्वाइदान’ पूर्ण 183 मिनिटांचा. 161 मिनिटांची कापलेली आवृत्तीही फिरते. त्याहून वाईट म्हणजे अमेरिकेत 1965 मध्ये लागलेल्या प्रतीतून ‘युकी-ओन्ना’, हिमस्त्रीची गोष्ट, मुळातच काढून टाकली होती. नाकादाई नेमके त्याच गोष्टीत लाकूडतोड्या आहेत. ती प्रत लावली तर नाकादाई मालिकेत नाकादाईच नसलेला खेळ होईल.

‘कागेमुशा’ जपानमध्ये 180 मिनिटं, परदेशी आवृत्ती 162. आणि ‘रान’ही 162. दोन्ही फाइलींना नुसती ‘कुरोसावा-162’ अशी नावं दिली तर सबटायटल एकमेकांना लागतात, आणि पहिल्या काही ओळींत ते लक्षातही येत नाही. फाइलचं नाव असं ठेवावं: वर्ष-जपानी नाव-लांबी-फ्रेमगती (सेकंदाला किती फ्रेम). उदाहरणार्थ ‘1980-कागेमुशा-180-24’. देवनागरी नावांनी काही प्लेअर अडतात, त्या वेळी प्रत्यक्ष फाइलला फक्त आकडे द्यावेत आणि नाव तक्त्यात ठेवावं.

‘निन्गेन नो जोकेन’ सहा भागांचा, तीन चित्रपट म्हणून लागलेला, एकूण 579 मिनिटांच्या आसपास. तक्त्यात एक ओळ, तीन की सहा? तीन. प्रदर्शनाच्या तारखा तीनच आहेत.

15 फेब्रुवारी: सबटायटल सरकतात

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि कारण समजल्यावर काम मिनिटांचं निघालं.

युरोपातल्या जुन्या डिस्कवर चित्रपट सेकंदाला 25 फ्रेमने चालतो, इतरत्र 24 किंवा 23.976 ने. 133 मिनिटांचा ‘हाराकिरी’ 25 च्या डिस्कवर साधारण 2 तास साडेसात मिनिटांत संपतो. अशा डिस्कवर बेतलेली सबटायटल 23.976 च्या फाइलला लावली की मिनिटामागे जवळपास अडीच सेकंद आधी येऊ लागतात. दहा मिनिटांत पंचवीस सेकंद. पहिली ओळ जुळवून पुढे गेलात तर फसलात.

निदान असं करावं. तीन ठिकाणं निवडा: पहिला संवाद, मध्य, शेवटचा संवाद. तिन्हीकडचा फरक लिहा.

फरक सगळीकडे सारखा असेल, तर सुरुवातीच्या कंपनी-चिन्हाची लांबी वेगळी आहे; सगळी फाइल तेवढी पुढे-मागे ढकला.

फरक हळूहळू वाढत असेल, तर फ्रेमगतीचा दोष. सगळ्या वेळांना 1.0427 ने गुणा (25 भागिले 23.976). उलट दिशेला भागा.

फरक एका जागी उडी मारत असेल, तर तिथे काहीतरी कापलं आहे. लांब जपानी चित्रपटांत बहुधा मध्यंतराची पाटी. ‘निन्गेन नो जोकेन’च्या प्रत्येक खंडात मध्यंतर आहे आणि काही प्रतींत ते गाळलेलं असतं. अशा वेळी गुणाकार केला की दोन्ही बाजू बिघडतात. उडीच्या जागी फाइल तोडून फक्त पुढचा तुकडा सरकवा.

गुणाकार आणि ढकलणं दोन्ही लागत असेल तर आधी गुणाकार. उलट क्रमाने केलं की ढकललेला वेळही गुणला जातो.

22 फेब्रुवारी: देवनागरी

सबटायटलच्या प्रोग्रॅममधली ‘सेकंदाला इतकी अक्षरं’ ही मर्यादा देवनागरीला जशीच्या तशी लावू नये. अनेक प्रोग्रॅम काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं मोजतात. ‘क्षत्रिय’ डोळ्याला तीन अक्षरं, मोजणीत आठ. रोमन लिपीसाठीची मर्यादा ठेवली तर निम्म्या ओळी लाल दिसतात आणि भाषांतरकार विनाकारण वाक्यं छाटत बसतो. मर्यादा सैल करून शेवटी मोठ्याने वाचून पाहणं हीच खरी कसोटी: ओळ पडद्यावर असेपर्यंत शांतपणे वाचून झाली पाहिजे. एक ओळ किमान 1 सेकंद, जास्तीत जास्त 7. एका वेळी दोनच ओळी.

फाइल यूटीएफ-8 मध्येच जतन करावी, नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग. काही टीव्ही आणि जुने मीडिया प्लेअर जोडाक्षरं जोडत नाहीत, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे टाकतात. ‘कित्येक’चं जे होतं ते सभासदांना दाखवण्यासारखं नसतं. उपाय: सबटायटल चित्रातच कायमची उमटवून घ्यायची (त्याची लेखी परवानगी असेल तरच), किंवा डीसीपी (थिएटरच्या सर्व्हरवर चालणारी डिजिटल प्रत) असेल तर मजकुराऐवजी पीएनजी चित्रं द्यायची. सर्व्हरच्या अक्षरजुळणीवर भरवसा ठेवू नये.

भाषांतर इंग्रजी सबटायटलवरून केलं की तू, तुम्ही, आपण यांचा गोंधळ ठरलेलाच. ‘हाराकिरी’त रोनिन (धनी नसलेला सामुराई) हान्शिरो आणि ईई घराण्याचा कारभारी यांच्यात अख्खा चित्रपट शिष्टाचाराच्या धारेवर चालतो. तिथे एक ‘तू’ चुकीच्या जागी पडला तर प्रसंग उतरतो. सुरुवात करण्याआधी कोण कुणाला काय म्हणतो याचा छोटा तक्ता करावा आणि जपानी कळणाऱ्याकडून तपासून घ्यावा. हान्शिरो शेवटपर्यंत ‘आपण’ सोडत नाही, आणि त्यातच त्याचा विखार आहे. घराण्याचं नाव ‘ई’ असं एकटं लिहिलं की टायपिंगची चूक वाटते, म्हणून ‘ईई’.

3 मार्च: क्रम

तारखेने लावलेला क्रम बाद केला. दिग्दर्शकवार लावला तर कुरोसावाच सगळी जागा खातात. शेवटी भूमिकेचं वय आणि नटाचं वय या दोन कॉलमांवर क्रम बेतला.

सुरुवात ‘योजिम्बो’ आणि ‘सान्जुरो’ने, लागोपाठ. 110 आणि 96 मिनिटं, एका संध्याकाळी बसतात. दोन्हीकडे वय विशीच्या शेवटाचं आणि दोन्हीकडे शेवट नायक तोशिरो मिफुनेंच्या हातून. (1967 च्या ‘जोइउचि’तही तेच; पण तिसऱ्यांदा मरताना पाहायला वेगळी संध्याकाळ हवी.) त्यांच्यानंतर ‘तेन्गोकु तो जिगोकु’, कारण तिथे मिफुने तेच, नाकादाई मात्र सूट घातलेला तपास अधिकारी.

मग ‘हाराकिरी’. वय 29, भूमिका नातू असलेल्या आजोबांची. जावयाचं काम करणारे आकिरा इशिहामा वयाने जेमतेम दोन-तीन वर्षांनी लहान. त्याला लागून ‘हारु तो नो ताबी’: वय 77, भूमिका पुन्हा आजोबांचीच. सगळ्या मालिकेतली ही जोडी चुकवू नये. पहिल्यात म्हातारपण आवाजात आणि बैठकीत ठेवलेलं आहे, शरीर तरुणच. दुसऱ्यात शरीराला काही करायची गरज उरलेली नाही, आणि तरीही चालणं पूर्णपणे बसवलेलं आहे.

तशीच ‘रान’ (वय 52, हिदेतोरा सत्तरीचा) आणि ‘उमिबे नो रिया’ (वय 84, स्मृती गमावत चाललेला जुना नट) ही जोडी. ‘कागेमुशा’ एकटा ठेवला. आधी ठरलेले नट शिन्तारो कात्सु बाहेर पडल्यावर ही भूमिका नाकादाईंकडे आली, हे प्रस्तावनेत एका वाक्यात सांगितलं की पुरे.

‘निन्गेन नो जोकेन’ एका रविवारी सलग लावायचा बेत सोडला. मध्यंतरं धरून बारा तासांच्या आसपास जातात, म्हणजे हॉलचं तीन सत्रांचं भाडं आणि प्रोजेक्टरवर पाळीचा दुसरा माणूस. तीन आठवडे, दर आठवड्याला एक खंड. भाडं तेवढंच, पण तिसऱ्या खंडाला लोक जागे असतात.

14 मार्च: हॉलमधली चाचणी

चित्राचं रुंदी-उंचीचं प्रमाण प्रत्येक चित्रपटाचं वेगळं. साठच्या दशकातले बहुतेक 2.35 चे रुंद. ‘कागेमुशा’ आणि ‘रान’ 1.85, 1966 चा ‘तानिन नो काओ’ जुन्या चौकोनी प्रमाणाचा. प्रोजेक्टर एकदा रुंद चित्रासाठी लावून ठेवला आणि पुढचा खेळ तसाच सुरू केला, की चौकोनी चित्राची डोकी कापली जातात. प्रत्येक खेळाआधी दोन मिनिटांचा तुकडा चालवून चारही कडा पाहाव्यात.

रुंद चित्रात सबटायटल खालच्या काळ्या पट्टीत ठेवायचा मोह होतो. हॉलचा पडदा रुंद असेल आणि चित्र मोठं करून पट्ट्या पडद्याबाहेर घालवल्या, तर सबटायटलही बाहेर जातात. सबटायटल चित्राच्या आतच, खालच्या कडेपासून उंचीच्या सुमारे आठ टक्के वर. पांढरं अक्षर, काळी बारीक कड. ‘युकी-ओन्ना’त बर्फावर पांढरं अक्षर दिसेनासं झालं, कड दुप्पट जाड केल्यावर वाचता आलं. तेवढ्या भागासाठी वेगळी शैली ठेवली आहे, बाकी फाइल तशीच.